बटणांच्या फोनवर ‘सायलेंट हिल’ खेळताय? या चुका टाळा

कोनामी या गेम कंपनीने 2007 मध्ये ‘सायलेंट हिल: ऑर्फन’ हा भुताचा गेम जावा फोनसाठी, म्हणजे जावा गेम चालणाऱ्या जुन्या बटणांच्या फोनसाठी काढला. पुढच्याच वर्षी दुसरा भाग आला आणि 2010 मध्ये तिसरा. प्लेस्टेशनवरच्या 1999 च्या मूळ गेमसारखं इथे धुक्यातून मोकळं फिरता येत नाही. एकामागून एक स्थिर चित्रं येतात, त्यावर कर्सर फिरवून वस्तू शोधायच्या, दार उघडायचं, पुढे सरकायचं. एवढ्याशा स्क्रीनवरही चांगलीच टरकते. गेम नीट चालला नाही, तर दोष बहुतेकदा चुकीच्या फाइलचा किंवा चुकीच्या फोनचा असतो.

फोनची चूक दुकानातच होते. नागपूरच्या बर्डी बाजारात जाऊन ‘भाऊ, बटणांचा फोन दाखवा’ म्हटलं की समोर येतो नवा कोरा, स्वस्त कीपॅड फोन. दिसायला जुन्यासारखाच, पण अशा बऱ्याच फोनमध्ये जावा नसते. 2017 मध्ये आलेला जिओफोन कायओएस या वेगळ्या सिस्टिमवर चालतो, त्याला जार, म्हणजे जावा गेमची फाइल, कळतच नाही. म्हणून थेट विचारा, ‘भाऊ, यात जावा गेम चालतात का?’ नुसत्या ‘हो’वर पैसे काढू नका, एखादा छोटा गेम टाकून तिथेच चालवून बघा. नोकियाचे जुने एस40 आणि सिम्बियन फोन, सोनी एरिक्सनचे त्या काळचे हँडसेट या कामाचे. बॅटरी काढून काउंटरवर सपाट ठेवा आणि बोटाने फिरवा. भिंगरीसारखी गरगरली तर ती फुगलेली आहे, घेऊ नका. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 च्या पुढे जातो, त्यात असली बॅटरी वापरणं म्हणजे गेमपेक्षा जास्त भीतीचं काम.

आता फाइल. सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. त्या काळी एकाच गेमच्या वेगवेगळ्या हँडसेटसाठी वेगवेगळ्या जार निघायच्या: 128×160, 176×208, 176×220, 240×320. आपल्या फोनचा स्क्रीन न बघता मिळेल ती टाकली, तर गेम कधी कधी सुरू होतो, आणि खरी पंचाईत तिथेच होते. चित्राचा उजवा किंवा खालचा भाग कापला जातो. तुम्हाला हवी असलेली चावी नेमकी त्या कापलेल्या भागात असते, आणि तुम्ही कोडं फार अवघड आहे म्हणून डोकं धरून बसता. खालच्या ओळीतले पर्यायही गायब होतात. स्क्रीन जुळला तरी कंपनी जुळली पाहिजे. नोकियात वरच्या दोन बटणांचे कोड -6 आणि -7 असतात, काही इतर कंपन्यांचे वेगळे. नोकियाची जार अशा फोनवर टाकली की चित्र छान दिसतं, पण मेनूचं बटण दाबून दाबून अंगठा दुखतो.

फाइल मोठी असल्याचा संदेश आला तर नवं मेमरी कार्ड आणायला धावू नका. सुरुवातीच्या एस40 फोनवर जारची मर्यादाच 64 केबी होती, कार्ड कितीही मोठं टाका. छोट्या स्क्रीनची जार शोधा, ती आकारानेही लहान असते. मध्येच मेमरी संपली म्हणून गेम बंद पडत असेल, तर मागे चालू असलेली गाणी बंद करा आणि फोन एकदा बंद करून सुरू करा.

सेव्हबद्दल एकच सांगतो. गेम डिलीट केला की त्याचं सेव्हही जातं. ‘काढून परत टाकून बघू’ हा उपाय अर्धा गेम झाल्यावर करू नका. लाल बटण दाबून बाहेर पडायची सवयही वाईट, गेमच्या मेनूतूनच निघा. खेळताना फोन येऊ नये म्हणून फ्लाइट प्रोफाइल लावा.

अँड्रॉइडवर जे2एमई लोडर या जावा गेम चालवणाऱ्या ॲपमध्ये खेळणाऱ्यांची चूक वेगळी. मोठा स्क्रीन मिळाला म्हणून ते सेटिंगमध्ये 720×1280 टाकतात, आणि मग गेम एका कोपऱ्यात शिक्क्याएवढा दिसतो. जार ज्या मापाची आहे तेच माप द्या, मोठं करण्याची सोय वेगळी आहे. स्क्रीनवरची बटणं चित्राच्या खाली सरकवा. माझं मत विचाराल तर हा गेम खऱ्या कीपॅडवरच रंगतो. काचेवर बोट फिरवून ती धाकधूक येत नाही.

दुपारी अंगणात बसून खेळाल तर अंधाऱ्या खोल्यांतलं काहीच दिसणार नाही. रात्री कूलरच्या घरघरीत आवाज ऐकू येत नाही, तेव्हा इअरफोन लावा. जुन्या नोकियाची पिन आजच्या इअरफोनला बसेलच असं नाही, तेही घेतानाच बघून घ्या.

आणि गेम सुरू होताना फोनने ‘एसएमएस पाठवू का’ असं विचारलं तर ‘नाही’ दाबा आणि ती जार काढून टाका. भुताच्या गेमला एसएमएस लागत नाही. पैसे कापणारे मेसेज गुपचूप पाठवणारी जावा ॲप त्या काळी निघाली होती, आणि अशा फाइली आजही कुणाच्या तरी जुन्या कार्डात पडून असू शकतात.