उपग्रहाच्या फोटोत धूळ कुठली, धूर कुठला, ढग कुठला?

२३ जानेवारी २०२२ चा रविवार मुंबई-पुणेकरांना आठवत असेल. गाड्यांवर पांढुरकी भुकटी, समोरची इमारत अंधूक. ती धूळ कराचीच्या बाजूने अरबी समुद्रावरून आली होती. हवेत तरंगणाऱ्या अशा कणांना एरोसोल म्हणतात. फोटोत ते ओळखायला शिकायचं तर सराव याच तारखेवर करा.

ब्राउझरमध्ये नासाची वर्ल्डव्ह्यू ही साइट उघडा. फुकट आहे, लॉगिनही लागत नाही. तारीख २२ जानेवारी २०२२ लावा, कराची ते मुंबई एवढा भाग समोर आणा आणि मग २३ वर जा.

नजर आधी समुद्रावर ठेवा. पाणी गडद असतं, त्यामुळे पातळ धूळही उठून दिसते. थरच्या वाळवंटावर तीच जमिनीच्या रंगात मिसळून जाते. ढग पांढराशुभ्र आणि कापसासारखा पिंजलेला. धूळ मातकट, कडा विरलेल्या, आणि पातळ असेल तिथे खालचं पाणी दिसतं. समुद्रावर चंदेरी पट्टा दिसला तर मात्र थांबा. ती पाण्यावरची उन्हाची चमक असते. सुरुवातीला मीही तिला धुरकं समजायचो. त्या दिवशीचा टेरा उपग्रहाचा फोटो सकाळी साडेदहाच्या सुमाराचा, अ‍ॅक्वा या दुसऱ्या उपग्रहाचा दुपारी दीडच्या. दोन्ही आलटून पालटून बघा: चमक जागा बदलते, धूळ दोन्हींत सापडते.

धुरासाठी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातला पंजाब उघडा. भाताचा पेंढा जळत असतो. आगीचा लेयर लावला की लाल ठिपके उमटतात आणि त्यांच्या आसपास राखाडी-निळसर धूर पसरलेला दिसतो.

आता एरोसोल ऑप्टिकल डेप्थचा, म्हणजे हवेतले कण उजेड किती अडवतात त्याचा लेयर चढवा. ०.१ म्हणजे स्वच्छ हवा, १ च्या पुढे दाट थर. हा आकडा कण किती ते सांगतो, कसले ते नाही. ढगांखाली तो मोजताच येत नाही, म्हणून नकाशावरची रिकामी जागा स्वच्छ समजू नका.

उपग्रह वरपासून जमिनीपर्यंतचा सगळा थर एकत्र मोजतो. धूळ दोन किलोमीटर उंचीवरून निघून गेली तर फोटो मातकट आणि खालची हवा बरी, असंही होतं. म्हणून त्या दिवसाचे जमिनीवरच्या हवा मोजणाऱ्या केंद्राचे आकडे काढा. धूळ खाली उतरली असेल तर पीएम १० चा (१० मायक्रॉनपर्यंतचे कण) आकडा पीएम २.५ ला (२.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण) खूप मागे टाकतो.