लाल खुणा झाकू नका, निकालात काढा
राजारामपुरीत मी शिवाजी विद्यापीठाचे प्रबंध टाइप करून देते. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ई एकदम दाबलं की ट्रॅक चेंजेस, म्हणजे प्रत्येक बदलाची खूण ठेवणारी सोय, चालू होतं. मग मार्गदर्शक सरांनी खोडलेला शब्दही रेघेसकट दिसत राहतो. पुष्कळ मुलं शेवटी वरच्या रिव्ह्यू टॅबमध्ये 'नो मार्कअप' निवडून फाइल पाठवतात. अहो, त्यानं खुणा फक्त झाकल्या जातात! एका मुलीच्या फाइलमध्ये 'हे कुठून उचललंस?' हा शेरा तसाच पुढं गेला.

म्हणून तिथंच सगळ्या खुणा दाखवणारं 'ऑल मार्कअप' ठेवा, एकेक बदल वाचा. पटला तर ॲक्सेप्ट, नाहीतर रिजेक्ट. वेलांटीच्या बदलाला थांबाच: 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब. शेरे वेगळे काढावे लागतात, रिव्ह्यूमधल्याच डिलीटखाली. आणि हे सगळं करण्याआधी मूळ फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर.