दृढीकरणाच्या वर्गात 'नीतिमान ठरणं' कसं शिकवावं

दृढीकरण म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी आपला विश्वास स्वतः कबूल करण्याचा चर्चमधला विधी. त्याच्या तयारीच्या वर्गाला माझ्याकडे चौदा-पंधरा वर्षांची मुलं येतात. दहा आज्ञा त्यांना पाठ असतात, पण 'कृपेने नीतिमान ठरणं म्हणजे काय?' असं विचारलं की सगळ्यांच्या माना खाली. आपण काही न कमावता देवाने आपल्याला निर्दोष ठरवणं, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही हा धडा पहिल्यांदाच घेणार असाल तर पापांच्या यादीने सुरुवात करू नका. एका वर्षी मी मुलांना आपापली पापं चिठ्ठीवर लिहायला लावली. एक मुलगा लिहिता लिहिता रडायला लागला आणि त्याच्या शेजारच्याने कोरी चिठ्ठी परत दिली. पाप म्हणजे चुकांची मोजदाद, असं मीच दोघांच्या मनात भरवलं होतं. ते निस्तरायला पुढचे तीन रविवार गेले.

त्याऐवजी बायबलमधल्या लूक १८ चा परूशी आणि जकातदाराचा दृष्टांत दोन मुलांना उभं राहून वाचायला द्या. दोघे मंदिरात प्रार्थनेला जातात: नियम काटेकोर पाळणारा परूशी आपली कामं देवाला ऐकवतो, लोकांनी पापी मानलेला जकातदार फक्त दया मागतो. मग विचारा, "परूशी खोटं बोलला का?" मुलं पटकन 'हो' म्हणतात. पुन्हा वाचायला लावा. आठवड्यातून दोनदा उपास, उत्पन्नाचा दशांश: त्यातलं काहीच खोटं नाही. मग बिघडलं कुठे? इथे घाई करू नका, मुलांना शोधू द्या. कोणीतरी म्हणतंच, "तो सारखं 'मी, मी' करतोय, आणि बघतोय जकातदाराकडे." चांगल्या कामांच्या आतही पाप कसं बसलेलं असतं, हे मुलांना तिथे दिसतं. मग प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्रातलं ३:२३, 'सर्वांनी पाप केलं आहे', यातलं 'सर्वांनी' वाचा. ते आता टोचत नाही, पटतं.

लगेच पुढचं चोविसावं वचन घ्या, देवाच्या कृपेने माणसं विनामूल्य नीतिमान ठरतात, आणि 'ठरतात' हा शब्द फळ्यावर मोठा लिहा. पौलाने वापरलेला ग्रीक शब्द न्यायालयातला आहे: न्यायाधीश निकाल देतो, आरोपी स्वतःला निर्दोष ठरवू शकत नाही. जकातदार 'नीतिमान ठरून' घरी गेला; सुधारून मग ठरला, असं तिथे लिहिलेलं नाही. मात्र हा निकाल पापाकडे काणाडोळा करून दिलेला नाही. त्याची किंमत ख्रिस्ताने वधस्तंभावर भरली, म्हणून तो आपल्याला विनामूल्य. हे वाक्य सावकाश सांगा.

आपल्याकडे खरी अडचण 'पुण्य' या शब्दाची. घरीदारी ऐकलेला पाप-पुण्याचा जमाखर्च मुलं सोबत घेऊन येतात आणि कृपा म्हणजे जमेची मोठी रक्कम समजतात. त्यावर रोमकरांस ४:४ कामी येतं. शनिवारी हातात पडणारी मजुरी कोणी उपकार मानत नाही, ती हक्काची. कृपा मजुरीत बसतच नाही.

याच मुद्द्यावर १५१७ नंतर पश्चिमेतली मंडळी (चर्च) दुभंगली, आणि १९९९ मध्ये लुथरन (मार्टिन लूथरच्या परंपरेतल्या) व कॅथलिक मंडळ्यांनी आउग्सबुर्गमध्ये त्यावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. मुलांना एवढं पुरे.

शेवटी एक प्रश्न येतोच. गेल्या वर्षी एका मुलीने विचारला: "माझ्या आजीने जन्मभर आजाऱ्यांची सेवा केली. ती आणि वधस्तंभावरचा चोर सारखेच?" हा चोर येशूशेजारी खिळलेला; येशूने त्याला शेवटच्या घडीला स्वर्गाचं वचन दिलं. निकालापुरते सारखेच, असं मी तिला सरळ सांगितलं. मग इफिसकरांस २:८-९ वाचून घेतलं: तारण कृपेने, कर्मांनी नाही. बहुतेक जण तिथेच थांबतात. तुम्ही थांबू नका. दहावं वचन मी तिलाच वाचायला दिलं: सत्कृत्यं करण्यासाठी आपण निर्माण झालो. "म्हणजे आजीची सेवा नंतरची," ती म्हणाली आणि वहीत ते वचन तिने आजीच्या नावापुढे लिहिलं.