दोन देशांत एक वीजवाहिनी: खर्चाची पट्टी कशी काढायची

चांदोरीला गोदावरीवरून आमच्या सात घरांची सामाईक पाइपलाइन आली, तेव्हा ज्याच्या रानातून जितके पाइप तितका त्याचा खर्च, असं ठरलं. चुलतभावाच्या रानातून चाळीस पाइप जाणार आणि त्याची विहीर तर काठोकाठ भरलेली. त्याने काम अडवलं. दोन महिने चर उघडा पडला. शेवटी भिजणाऱ्या एकरांवर वाटे पाडले, तेव्हा पाणी आलं.

सबस्टेशनातून निवृत्त झाल्यावर पोरांना सीमा ओलांडणाऱ्या वीजवाहिन्यांच्या खर्चाचा हिशेब शिकवतो, तो या चरापासूनच: वाटे हद्दीवर नाही, फायद्यावर पाडायचे.

वाहिनी झालीच नाही तर दोन्ही देशांत काय होईल, ते आधी लिहा: किती कोळसा जळेल, किती वेळ अंधार, किती पवनवीज वाया. मग वाहिनी धरून तेच पुन्हा मांडा. फरक पडेल तो फायदा. तो ग्राहक, वीजनिर्माते आणि वाहिनीचा मालक यांचा वेगवेगळा काढा. वीज स्वस्त असलेल्या देशातून ती बाहेर जाऊ लागली की तिथल्या निर्मात्याला दर चांगला मिळतो, पण ग्राहकाचं बिल चढतं. भांडणं इथेच होतात, म्हणून इथे घाई नको. सगळं धरूनही एखादा देश तोट्यात जात असेल, तर फायदा होणाऱ्याने आधी त्याची भरपाई करायची.

आयर्लंड–फ्रान्सची ७०० मेगावॅटची सेल्टिक केबल बघा. युरोपच्या मुख्य भूमीशी आयर्लंडची थेट जोडणी नव्हती, गरज त्याची मोठी. २०१९ मध्ये दोन्ही देशांच्या वीज नियामकांनी खर्च ६५ टक्के आयर्लंडवर, ३५ टक्के फ्रान्सवर टाकला. वर युरोपीय संघाचं सुमारे ५३ कोटी युरोंचं अनुदान.

हद्द म्हणजे वाटा नव्हे, हे आपल्याकडेही दिसतं. नेपाळ आणि भारत जोडणाऱ्या न्यू बुटवल–गोरखपूर वाहिनीचा भारतातला तुकडा दोन्ही देशांच्या ५०:५० भागीदारीतल्या कंपनीकडे आहे.

वापरशुल्क वसूल होणार असेल तर ते हिशेबात धरा, नाहीतर एकच खर्च दोनदा वसूल होईल.

आणि खर्च वाढला तर कोण भरणार, हे सही करण्याआधी लिहून घ्या. आमच्या वहीत ती ओळ नव्हती. पहिल्याच उन्हाळ्यात मोटार जळाली, आणि रिवाइंडिंगचे पैसे थोरल्या काकांनी एकट्याने भरले.