अंध मुलांना नोकरीसाठी कॉम्प्युटर शिकवताय? या चुका टाळा

माझ्या वर्गात माऊसच्या क्लिकचा आवाज आला की मी शिकवणं थांबवते. वर्गात सगळे अंध नाहीतर अगदी थोडं दिसणारे, मी स्वतः पूर्ण अंध, मग माऊस चालवतंय कोण? तर कोणाचा तरी भाऊ, कोणाची आई, नाहीतर नवीनच आलेला एखादा उत्साही स्वयंसेवक. मुलगा फाईल शोधत असतो, त्याला वेळ लागतो, शेजारच्याला ते बघवत नाही आणि तो म्हणतो, "थांब, मी करून देतो." झालं, त्या मुलाचा त्या दिवसाचा तास वाया गेला.

बारा वर्षं पुण्यात एनव्हीडीएवर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर (स्क्रीन रीडरवर), कॉम्प्युटर शिकवतेय. बीड, लातूर, सोलापूरकडून मुलं येतात, खोली करून राहतात, आणि सहा महिन्यांत नोकरी लागेल या आशेनं घरचे पैसे पाठवतात. चुका मात्र दर बॅचला त्याच, त्यातल्या निम्म्या मुलांच्या आणि निम्म्या आम्हा शिकवणाऱ्यांच्या. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

"करून देतो" म्हणणारा हात

एका मुलीने माझ्याकडे येण्याआधी दोन कोर्स केले होते, सर्टिफिकेटं फाईलमध्ये लावलेली, एमएस-सीआयटी पण पास. मी म्हटलं एक पत्र टाईप कर, डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह कर, विंडो बंद कर आणि परत उघडून दाखव. टाईप झालं, स्पीडही चांगला होता. सेव्ह करायची वेळ आली आणि ती गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, हे नेहमी सर करायचे." दोन वर्षांत तिने एकही फाईल स्वतः सेव्ह केली नव्हती. ऑफिसात कोण सर येणार आहेत?

माझ्याकडे आता माऊस कपाटात असतात. नातेवाईक बाहेरच्या बाकावर बसतात, चहा मिळतो, आत यायचं नाही. काही जणांना राग येतो, येऊ दे. आणि ज्यांना थोडं दिसतं त्यांच्यासाठी एनव्हीडीएचा स्क्रीन कर्टन चालू करते, म्हणजे स्क्रीन पूर्ण काळी होते आणि आवाज चालू राहतो, कारण ही मुलं नाक स्क्रीनला टेकवून वाचत बसतात, दोन तासांत डोकं धरतं आणि आठ तासांच्या नोकरीत ते निभत नाही. पहिल्या आठवड्यात रडारड होते, तिसऱ्या आठवड्यात तीच मुलं स्वतःहून कर्टन लावून बसतात.

टॅब मोजून पाठ करणं

यावर मी सगळ्यात जास्त चिडते. मुलं ब्रेलमध्ये लिहून आणतात: साइट उघडली की आठ वेळा टॅब, एंटर, मग पाच वेळा टॅब, मग नाव टाका. पाढ्यासारखं पाठ. आणि शिकवणारेही खुशाल असंच शिकवतात, कारण डेमोला छान दिसतं, पाहुणे टाळ्या वाजवतात. पण साइटवर एक नवीन जाहिरात आली, एक मेन्यू वाढला, की आठवा टॅब भलतीकडेच. मग फोन येतो, मॅडम साइट बिघडली. साइट बिघडलेली नसते, तुम्हाला पान वाचायला शिकवलेलंच नसतं.

पान आधी समजून घ्यायचं. एच दाबत हेडिंगवरून हेडिंगवर जा, बी ने बटणं, ई ने लिहायचे रकाने, आणि काहीच लागत नसेल तर इन्सर्ट एफ७ दाबलं की पानावरच्या लिंक आणि हेडिंगची यादीच समोर येते. लॅपटॉपला इन्सर्ट सोयीचं नसतं तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन कॅप्स लॉकला एनव्हीडीए की करून घ्या, ते पहिल्याच दिवशी. माझ्याकडे दर सोमवारी एक अनोळखी वेबसाइट असते, आधी कोणीच उघडलेली नसते, मी पण नाही, आणि वीस मिनिटांत सांगायचं की या पानावर काय काय आहे. फॉर्म भरायचा नाही, नुसतं सांगायचं. घाईवाल्या मुलांना हा सोमवार अजिबात आवडत नाही, ती म्हणतात एक्सेल कधी सुरू करणार.

यातलाच दुसरा घोळ म्हणजे "मॅडम, नाव टाईप करतोय पण पान उड्या मारतंय". तुम्ही ब्राऊझ मोडमध्ये आहात. हरीश लिहायला एच दाबलात तर एनव्हीडीए तुम्हाला पुढच्या हेडिंगवर नेणारच. इन्सर्ट स्पेस दाबा, आवाज बदलेल, मग लिहा, झालं की परत इन्सर्ट स्पेस. मोड बदलल्याचे दोन आवाज वेगवेगळे असतात, ते कानात बसेपर्यंत पुढे जायचं नाही.

मराठी नोट्स जुन्या फॉन्टमध्ये देणं

मराठीत शिकवणाऱ्यांनो, हे खास तुमच्यासाठी. क्लार्कच्या परीक्षेच्या नोट्स कृतिदेवमध्ये नाहीतर श्रीलिपीमध्ये टाईप करून मुलांना ईमेल करता आणि वर म्हणता सगळं मटेरियल दिलंय. डोळ्यांना ते मराठी दिसतं, पण आत फाईलमध्ये इंग्रजी अक्षरं असतात, फक्त त्यांच्यावर मराठी आकार चढवलेले. कृतिदेवमध्ये "राम" लिहिलेला असेल तर आत जे, के, ई एवढंच असतं आणि स्क्रीन रीडर तेच वाचणार. शंभर पानांचा इतिहास असा ऐकून बघा एकदा. माझा एक विद्यार्थी महिनाभर समजत होता की त्याचा एनव्हीडीए खराब झालाय, चार वेळा काढून परत टाकला त्याने.

युनिकोडमध्येच द्या, म्हणजे फाईलच्या आतही खरी मराठी अक्षरं असतात. जुन्या फाईली कन्व्हर्टरमधून काढा आणि काढल्यावर स्वतः वाचा, जोडाक्षरं हमखास बिघडतात. मोबाईलवर पानांचे फोटो काढून त्याची पीडीएफ केली तर तीही आमच्यासाठी कोरीच, ओसीआर केल्याशिवाय, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर केल्याशिवाय, स्क्रीन रीडरला त्यात काही सापडत नाही. टायपिंग इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेल्या कीबोर्डवर, शिकवा. ध्वनीप्रमाणे इंग्रजी अक्षरं मारून मराठी करायची पद्धत पटकन येते हे मान्य, पण त्यात कोणता पर्याय निवडला गेला ते दर शब्दाला ऐकत बसावं लागतं. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, क च्याच बटणावर शिफ्टने ख, एकदा बोटात बसलं की विचार करावा लागत नाही. दीड महिना जातो, जाऊ दे.

जॉइन होण्याआधी कंपनीची सिस्टीम न तपासणं

ही चूक माझी स्वतःची आहे आणि तिची किंमत दुसऱ्याने मोजली.

लातूरकडचा मुलगा, बी. कॉम., पूर्ण अंध, माझ्या त्या बॅचमधला सगळ्यात तयार. एका कंपनीत बॅक ऑफिसला निवड झाली, इंटरव्ह्यू झकास झाला, घरी पेढे वाटले. पहिल्या दिवशी लॅपटॉप दिला, त्यावर रिमोट डेस्कटॉप उघडायचा आणि खरं काम त्याच्या आत. त्याने विंडो उघडली, एनव्हीडीएने विंडोचं नाव सांगितलं आणि पुढे शांतता. कारण सरळ आहे, दुसरीकडच्या मशीनवरचं सगळं आपल्या लॅपटॉपवर फक्त चित्र म्हणून येतं, आपल्या एनव्हीडीएला त्यात अक्षर ना बटण. तिकडच्या मशीनवर स्क्रीन रीडर हवा आणि त्याचा आवाज इकडे यायला हवा. आयटीवाल्यांनी तिकीट टाकायला, म्हणजे सिस्टीमवर तक्रार नोंदवायला, सांगितलं. माणसं चांगली होती, म्हणाली, होईल, तू बस आरामात. तो बसला. सतरा दिवस. रोज दोन बस बदलून जायचा आणि बसायचा. मला त्याने सांगितलं नाही, कारण त्याला वाटलं आपल्यालाच येत नाहीये.

अठराव्या दिवशी त्याचा फोन आला, "ताई, मला अजून काहीच काम दिलं नाही." परवानगी मिळेपर्यंत दीड महिना गेला, तोवर मॅनेजरने त्याला रिसेप्शनचा फोन उचलायला बसवलं होतं. दोन महिन्यांनी त्याने सोडलं. त्या दोन महिन्यांत "अंध मुलांना हे जमत नाही" असं त्या ऑफिसात पक्कं झालं, आणि त्याच्यानंतर माझ्या दोन मुलांचे अर्ज तिथून परत आले.

तेव्हापासून ऑफर आली की मीच आयटीला फोन लावते. काम कशावर आहे, ब्राऊझरमध्ये की वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये? रिमोट डेस्कटॉप आहे का? एनव्हीडीए टाकायची परवानगी कोण देतं आणि किती दिवस लागतात? जॉज, म्हणजे विकतचा स्क्रीन रीडर, घेतलाय का? हे प्रश्न जॉइनिंगच्या आधी, नंतर नाही. एनव्हीडीए फुकट आहे आणि ओपन सोर्स आहे, २००६ पासून चालू आहे, तरी कंपनीच्या सिक्युरिटीवाल्यांना नवीन नाव दिसलं की ते अडवतातच, त्यांचंही बरोबर आहे, त्यांना वेळ द्यावा लागतो. पेनड्राईव्हवर पोर्टेबल कॉपी घेऊन जाऊ असं म्हणणाऱ्यांना सांगते, बऱ्याच ठिकाणी पेनड्राईव्ह बंद असतो, आणि चालला तरी लॉगिनच्या स्क्रीनवर ती कॉपी बोलत नाही. शॉर्टकट म्हणून ठीक, त्यावर नोकरी उभी करू नका.

एचआरशी बोलताना हेही विचारा की तुमची इक्वल ऑपॉर्च्युनिटी पॉलिसी कुठे बघायला मिळेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती खासगी कंपन्यांनाही करायला लावली आहे. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण सगळ्यांना पाठ असतं, हे मात्र कोणी विचारत नाही. भांडायच्या सुरात नको, साध्या आवाजात विचारा.

बाकीच्या, पटापट

सीव्हीमध्ये अंधत्व लपवू नका. इंटरव्ह्यूच्या खोलीत कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं, आणि तुम्ही कोणत्या स्क्रीन रीडरवर काम करता ते एका ओळीत लिहा.

आवाजाचा वेग पहिल्या महिन्यात उगाच वाढवू नका. पण सहा महिन्यांनीही तोच ठेवलात तर डोळस सहकाऱ्याच्या मागे पडाल.

एक्सेल शिकवताना स्वच्छ तक्ते देऊ नका. ऑफिसातली शीट मर्ज केलेल्या सेल, मधेच रिकाम्या ओळी आणि तीन रंगांची असते. तसलीच द्या, आणि रंगात दडवलेली माहिती सहकाऱ्याकडून वेगळ्या कॉलममध्ये मागून घ्यायला शिकवा.

फक्त मोबाईल शिकून नोकरी मागायला येऊ नका. टॉकबॅक, म्हणजे अँड्रॉइड मोबाईलवरचा स्क्रीन रीडर, सुंदर चालतं, पण पगार कीबोर्डवरच्या कामाचा मिळतो.

पगाराचं खातं ॲपवर उघडताना "डोळे मिचकावा" म्हणतात, आणि तिथेच आमची मुलं अडकतात. सुप्रीम कोर्टाने ३० एप्रिल २०२५ ला यावर निकाल देऊन केवायसी सगळ्यांना जमेल अशी करायला सांगितलंय. ॲपशी झटत बसू नका, शाखेत जा, निकालाचा उल्लेख असलेला अर्ज द्या आणि पोच घ्या.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, ऑफर आल्यावर काढायला धावू नका, आजच अर्ज करा.

शेजारच्या कर्णबधिर मुलांच्या बॅचसाठी एकच: एचआर फोन करतं, मुलगा उचलत नाही, "इच्छुक नाही" म्हणून नाव कापलं जातं. सीव्हीच्या पहिल्याच ओळीत मेसेज किंवा ईमेल करा असं लिहा आणि घरच्यांचा नंबर देऊ नका, घरचे निरोप अर्धा देतात.

आणि पांढरी काठी. पालक म्हणतात रिक्षाने सोडू, भाऊ आणून सोडेल. किती दिवस? भावाचं लग्न होतं, त्याची नोकरी बदलते, आणि एक्सेल येणारी मुलगी घरी बसते. म्हणून माझ्याकडे काठीचा सराव एक्सेलच्या आधी होतो, आणि जॉइनिंगच्या आधीचे दोन दिवस रस्त्यासाठीच असतात. रविवारी नाही, कामाच्या दिवशी, ऑफिसच्याच वेळेला, कारण रविवारचा रस्ता वेगळा ऐकू येतो. पहिल्या दिवशी मी बरोबर असते. दुसऱ्या दिवशी मी आधी जाऊन ऑफिसच्या गेटपाशी उभी राहते आणि तिच्या काठीचा आवाज यायची वाट बघते.