युक्रेनी विद्यार्थ्यांना ‘हॅव’ शिकवताय? या चुका टाळा

युक्रेनी विद्यार्थ्यांना ऑनलाइन इंग्रजी शिकवणारे अनेक जण वर्ग सुरू होण्याआधीच एक चूक करून बसतात. रशियन भाषकांसाठी तयार केलेल्या नोट्स ते जशाच्या तशा उचलतात. रशियनमध्ये मालकी सांगताना आपल्या ‘माझ्याकडे आहे’सारखी रचना चालते, ‘हॅव’च्या तोडीचं क्रियापद आहे, पण रोजच्या बोलण्यात ते कमी येतं. युक्रेनीत मात्र ‘ऊ मेने ये’ (माझ्याकडे आहे) आणि ‘या मायू’ दोन्ही सर्रास बोलतात, आणि ‘या मायू’ म्हणजे सरळसरळ ‘आय हॅव’. ‘तुमच्या भाषेत हे क्रियापदच नाही’ असं त्यांना कृपा करून सांगू नका. ते खोटं तर आहेच, शिवाय त्यांची भाषा रशियनचीच नक्कल असल्यासारखं वाटतं आणि ते त्यांना लागतं.

गाडी अडते ती मालकीच्या पुढे.

‘हॅव टू’ घ्या. ‘या मायू प्रात्स्युवाती’ म्हणजे ‘मला काम करायचं आहे’. यात ‘टू’साठी वेगळा शब्द नाही, म्हणून विद्यार्थी ‘आय हॅव वर्क’ म्हणून मोकळा होतो. ‘मला काम आहे’ असा अर्थ निघत असल्यामुळे ही चूक आपल्या कानावरून निसटते. सराव ‘गो’ किंवा ‘कॉल’ घेऊन करा. ‘आय हॅव गो’ लगेच खटकतं.

नकारात धोका जास्त. ‘यू डोंट हॅव टू कम’ म्हणजे यायची सक्ती नाही. पण ‘मायू’च्या हिशेबाने उलगडलं तर ‘ने मायेश’ होतं, आणि त्याचा अर्थ ‘तू येता कामा नये’ असाही घेतला जातो. म्हणून इथे ‘ने मुसिश’ (तुला सक्ती नाही) याची जोडी लावून द्या. आमंत्रण आणि मनाई यांची गल्लत झालेली कुणालाच परवडत नाही.

‘आय लिव्ह हिअर फाइव्ह इयर्स’ ही चूक तर आपल्याही ओळखीची. ‘मी इथे पाच वर्षं राहतो’ असं युक्रेनीतही वर्तमानकाळातच म्हणतात. ‘हॅव लिव्ह्ड’ आणि ‘फॉर’ एकत्रच पाठ करून घ्या.

सगळ्यात दुर्लक्षित वापर म्हणजे दुसऱ्याकडून काम करून घेणं. सलूनमधून आलेला विद्यार्थी म्हणतो, ‘आय कट माय हेअर’. युक्रेनीत त्यासाठी एकच क्रियापद पुरतं, कात्री कुणाच्या हातात होती हे सांगावं लागत नाही. मराठीतही ‘मी केस कापले’ चालतं, त्यामुळे आपल्यालाही काही वावगं वाटत नाही. इंग्रजी ऐकणारा मात्र समजतो, यानेच आरशासमोर कापले. ‘आय हॅड माय हेअर कट’ शिकवताना क्रम बोर्डवर लिहा: ‘हॅड’, मग वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. ‘आय हॅड कट माय हेअर’ लिहिलं की अर्थ पुन्हा फिरतो.

आणि एक पथ्य आपल्यासाठी. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ ही आपल्याकडची सवय वर्गात नेऊ नका. जेवण चालू असेल तर ‘वी आर हॅविंग लंच’ बरोबर. भाऊ, गाडी, घर यांना साधं ‘हॅव’च.