मुलाला फळा दिसतोय का, हे घरी कसं ओळखाल

पुण्यात धनकवडीतल्या एका मराठी शाळेत मी तिसरीला शिकवते. पालकसभेत एक तक्रार हमखास येते : "बाई, घरी सगळं तोंडपाठ असतं, वर्गातच याचं लक्ष नसतं." अशा वेळी मी आधी त्या मुलाची वही मागून घेते. तुम्हीही आज रात्री दप्तरातून वही काढा.

वहीतलं फळ्यावरून उतरवलेलं एक पान घ्या आणि पुस्तकातून उतरवलेलं एक. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचा. पुस्तकावरून लिहिलेलं नीट आहे, पण फळ्यावरून लिहिताना ‘घर’चं ‘धर’ झालंय, ‘भात’चा ‘मात’, अनुस्वार आणि रफार गायब, गणितात ५ चा ६, तर मुलाला धांदरट म्हणू नका. त्याला लांबचं अंधुक दिसत असण्याची दाट शक्यता आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीने ‘शिवनेरी’ची री ऱ्हस्व लिहिली होती. फळ्यावर दीर्घ होती, शेजारणीच्या वहीत मात्र ऱ्हस्व. पुढची दोन पानं ताडून पाहिली, तर शेजारणीची प्रत्येक चूक हिच्याकडे जशीच्या तशी. पोर फळा वाचतच नव्हती. तपासणीत दोन्ही डोळ्यांना मायनस नंबर निघाला.

याच्या उलटही असतं. फळ्यावरचं झरझर वाचणारं मूल पुस्तक हातात घेतलं की ओळ गाळतं, थोड्याच वेळात डोळे चोळतं, कपाळ दुखतं म्हणतं, वाचायला टाळाटाळ करतं. प्लस नंबर असेल किंवा दोन्ही डोळे जवळच्या अक्षरावर एकत्र स्थिरावत नसतील, तर असं होतं. ही मुलं लांबचा तक्ता बऱ्याचदा बरोबर वाचतात आणि शाळेतल्या तपासणीतून निसटतात. त्यामुळे डॉक्टरांना ‘वाचताना त्रास होतो’ हे आवर्जून सांगा.

मूल स्वतःहून तक्रार करेल याची वाट पाहू नका. जन्मापासून अंधुकच दिसत असेल, तर जग असंच असतं असं त्याला वाटतं.

आता घरची परीक्षा. भिंतीवरच्या कालनिर्णयसमोर मुलाला उभं करा. एक डोळा त्याच्या तळहाताने झाका. बोटांनी नको, मुलं फटीतून बघतात, आणि डोळा दाबायचाही नाही. तारखा वाचायला सांगत एकेक पाऊल मागे न्या आणि कुठे अडतो ते पाहा. मग दुसरा डोळा झाका आणि तारखा क्रम बदलून विचारा, नाहीतर पाठ झालेलं म्हणून दाखवेल. दोन डोळ्यांत फरक जाणवला, किंवा एकच डोळा झाकल्यावर मूल हात झटकू लागलं, तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठा. एक डोळा कमजोर असला की मेंदू त्याच्याकडून येणारं चित्र बाजूला सारायला लागतो. यालाच आळशी डोळा म्हणतात. दोन्ही डोळे उघडे असताना काहीच कळत नाही, आणि उपचाराला साधारण सात-आठ वर्षांच्या आत सर्वांत चांगला गुण येतो. म्हणून तिसरीच्या बाईंनी सांगेपर्यंत थांबू नका, बालवाडीतच एकदा डोळे दाखवा.

स्वारगेटला पीएमपीची वाट बघताना बसचा नंबर आधी कोण वाचतो, हा खेळ खेळा. त्यातही बरंच कळतं. मान तिरकी करून बघणं, उन्हात एकच डोळा मिटणं, तिरळेपणा, यांतलं काही दिसलं तरी दाखवून या. फ्लॅश मारलेल्या फोटोत डोळ्याची बाहुली पांढरी चमकत असेल, तर मात्र एक दिवसही घालवू नका.

सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत तपासणी होते. तिचं कार्ड मागून बघा. पुढच्या तपासणीसाठी ससून रुग्णालय आहे, महंमदवाडीचं देसाई नेत्र रुग्णालय आहे. निव्वळ चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर लहान मुलाचा नंबर काढू नका. मुलांचे डोळे सतत जोर लावतात, म्हणून औषधाचे थेंब घालूनच नंबर काढावा लागतो. त्यानंतर निदान दिवसभर जवळचं धूसर दिसतं, उजेड खुपतो. चाचणी परीक्षेच्या आदल्या दिवशी नेऊ नका.

"एवढ्याशा पोराला चष्मा? नंबर वाढेल," असं आजी म्हणतीलच. त्यांना शांतपणे सांगा, चष्म्याने नंबर वाढत नाही. गाजरं जरूर खाऊ द्या, पण त्यांनी नंबर जात नाही. रोज दोनेक तास उघड्यावर खेळल्याने मायनस नंबर लागायचा धोका कमी होतो, तेव्हा तळजाई टेकडीवर न्या, सोसायटीच्या मैदानात सोडा.

चष्मा लागूनही वाचन अडत असेल, तर अध्ययन अक्षमतेची (डिस्लेक्सियासारखी वाचन-लेखनातली अडचण) तपासणी करा. ती चष्म्याने किंवा डोळ्यांच्या व्यायामाने जात नाही, तिची मदत वेगळी असते.

आणि वर्गशिक्षिकेला सगळं सांगा : नंबर किती, आणि आळशी डोळ्याला काम लावण्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी दिली असेल तर कोणत्या डोळ्याला, किती तास. पट्टीच्या वेळेत मूल कमजोर डोळ्याने वाचत असतं, त्याला मी जास्त वेळ देते, मोठ्या अक्षरांत लिहून देते. वर्गात कोणी ‘चष्मिस’ म्हणून चिडवलं, तर तेही आम्हाला कळू द्या, नाहीतर चष्मा दप्तरातच राहतो. नंबर दर सहा महिन्यांनी, किंवा डॉक्टर सांगतील तसा, पुन्हा तपासा. जाताना धाकट्या भावंडालाही बरोबर न्या, कारण नंबर बऱ्याचदा घराण्यात असतो.